लिनक्सवर धड व्हिडिओ एडिटर का नव्हता, आणि यात हैदराबाद कुठून आलं

"लिनक्सवर प्रीमियरसारखं काही आहे का रे?" हा प्रश्न मी गेली पंधरा-सतरा वर्षं ऐकतोय. (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी वापरायची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, प्रीमियर म्हणजे अ‍ॅडोबीचं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर.) उत्तरातलं नाव दर तीन-चार वर्षांनी बदलतं, आधी किनो, मग सिनेलेरा, मग ओपनशॉट, मग केडेनलाईव्ह, आता दाविंची, पण त्याच्या पुढचं वाक्य काही बदलत नाही: "चांगलंय, फक्त दर पाच मिनिटांनी सेव्ह करत जा." हल्ली परिस्थिती इतकी वाईट नाहीये, पण ती इतकी वर्षं का होती हे बघायचं तर पंचवीस वर्षं मागे जावं लागतं आणि त्या गोष्टीत मधेच आपल्या शेजारचं हैदराबाद येतं, जे खूप जणांना माहीत नसतं.

आधी एक गैरसमज. लिनक्सवाले नेहमी सांगतात की अहो हॉलिवूड सगळं लिनक्सवर चालतं. खरंय ते. १९९७ च्या टायटॅनिकच्या इफेक्ट्ससाठी डिजिटल डोमेनने अल्फा नावाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून रेंडरिंग, म्हणजे इफेक्ट्सची अंतिम चित्रं काढायचं काम, केलं होतं, आणि २००० नंतर मोठे स्टुडिओ एसजीआय कंपनीची महागडी मशीनं काढून लिनक्सवर आले. पण ते सगळं इफेक्ट्स आणि रेंडरिंगचं काम. जो माणूस खुर्चीत बसून शॉट कापतो त्याच्यासमोर अ‍ॅव्हिड हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर असायचं, ते मॅक नाहीतर विंडोजवर, आणि अ‍ॅव्हिड काय किंवा प्रीमियर काय, दोन्ही लिनक्सवर कधी आलेच नाहीत. म्हणजे सिनेमाच्या कारखान्यात लिनक्स होतं पण एडिटरच्या टेबलावर नव्हतं, आणि घरी हँडीकॅम घेऊन बसलेल्या माणसाला त्या कारखान्याचा उपयोग शून्य.

त्या घरच्या माणसासाठी पहिला मोठा प्रयत्न म्हणजे ब्रॉडकास्ट २०००. हिरोईन व्हर्च्युअल या नावाखाली अ‍ॅडम विल्यम्स नावाचा माणूस जवळजवळ एकट्याने हे करायचा. आणि सप्टेंबर २००१ मध्ये त्याने ते एका झटक्यात काढून घेतलं, कारण काय तर सॉफ्टवेअरमुळे कुणाचं काही नुकसान झालं तर कायदेशीर जबाबदारी आपल्या गळ्यात पडेल ही भीती. लोक बघतच राहिले. पुढच्याच वर्षी त्याच घरातून सिनेलेरा आलं, जास्त ताकदवान आणि वापरायला जास्त विचित्र. चार वेगवेगळ्या खिडक्या, प्रत्येकीचा आपला वेगळा कारभार. वरून हा माणूस कोणाचं ऐकायचा नाही, वर्षातून एकदा-दोनदा सोर्स कोडचं (म्हणजे सॉफ्टवेअर ज्यातून बनतं त्या मूळ लिखाणाचं) गाठोडं टाकायचा आणि गायब, त्यामुळे वापरणाऱ्यांनीच त्या गाठोड्यातले बग काढत सिनेलेरा सीव्ही नावाची वेगळी आवृत्ती सांभाळायला घेतली. नंतर त्यातल्याच काहींना वाटलं की हे सगळं मुळापासून नीट लिहू, म्हणून लुमिएरा सुरू झालं, ते अजून लिहिणंच चालू आहे.

दुसऱ्या बाजूला किनो होतं, आणि मला विचाराल तर त्या काळातलं एकमेव शहाणं सॉफ्टवेअर तेच. आर्ने शिरमाखरने सुरू केलं, पुढे डॅन डेनेडीने सांभाळलं. हा डेनेडी लक्षात ठेवा. किनो एकच काम करायचं: मिनी डीव्ही कॅमेरा फायरवायर केबलने जोडा, टेप चालवा, कॉम्प्युटरवर घ्या, कापा, परत टेपवर सोडा. ते चालायचं कारण डीव्ही हा प्रकारच सरळ होता. आपल्याकडच्या पाल या टीव्ही सिस्टिममध्ये डीव्हीची प्रत्येक फ्रेम बरोब्बर १,४४,००० बाईटची, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ३६ लाख बाईट, म्हणजे तासाला साधारण १३ जीबी. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, मागच्या-पुढच्या फ्रेमवर अवलंबून नाही. त्यामुळे कुठेही कात्री मारा, फाईलमध्ये नुसतं १,४४,००० ने गुणून त्या जागी उडी मारायची. २००८ साली घरातल्या एका लग्नाची टेप मी असं रात्रभर जागून कापली होती, आणि आपल्याकडचे लग्नवाले तेव्हा एडियस किंवा प्रीमियरवर (बहुतेकांचं प्रीमियर कुठून आलेलं ते विचारू नका) जे करत होते त्यातलं निम्मं तरी त्या जुन्या पेंटियमवर झालं.

आता हैदराबाद. साधारण २००३ च्या आसपास हाच डेनेडी आणि चार्ल्स येट्स अशा दोघांनी एमएलटी नावाचं एक इंजिन लिहायला घेतलं. इंजिन म्हणजे खिडकी नाही, बटणं नाहीत, फक्त खालचं काम: ही क्लिप इथून इथपर्यंत, तिच्यावर हा इफेक्ट, मग ही दुसरी, दोघींमध्ये डिझॉल्व्ह, आणि हे सगळं न अडखळता बाहेर सोडायचं. आणि हे लिहिलं गेलं टीव्ही चॅनलसाठी, प्रोग्रॅम आणि जाहिराती वेळेवर एअरवर सोडायच्या कामासाठी. जुन्या सोर्स फाईली उघडून बघितल्या तर प्रत्येकीच्या डोक्यावर कॉपीराईट दिसायचा उषोदया एंटरप्रायझेस लिमिटेडचा. उषोदया म्हणजे रामोजी राव यांच्या ग्रुपची कंपनी, म्हणजे ईनाडू पेपर, ईटीव्ही, आणि अर्थातच २००० साली सुरू झालेलं आपलं ईटीव्ही मराठी, ज्याचं पुढे कलर्स मराठी झालं. म्हणजे संध्याकाळी आपण ज्या ग्रुपचं चॅनल लावून बसायचो त्याच ग्रुपच्या नावावर हा कोड होता, आणि तो ओपन सोर्स म्हणून सगळ्यांना मोकळा. कुठल्या अमेरिकन कंपनीने हे केलं असतं तर दर कॉन्फरन्समध्ये सांगितलं असतं, आपल्याकडे कुणाला पत्ताच नाही.

त्या कोडमधली नावंसुद्धा मजेशीर होती. एअरवर सोडणाऱ्या सर्व्हरचं नाव मिरॅकल, कमांड लाईनवरून चालवायच्या प्रोग्रॅमचं इनिगो, प्रोजेक्ट लिहून ठेवायच्या फॉरमॅटचं वेस्टली, सगळी 'द प्रिन्सेस ब्राईड' या अमेरिकन कादंबरीतली आणि सिनेमातली पात्रं. पुढे इनिगोचं मेल्ट झालं, मिरॅकलच्या जागी मेल्टेड आलं, आणि फाईलींवरचं उषोदयाचं नाव जाऊन डेनेडीच्या मेल्टीटेक कंपनीचं आलं. पण आतला गाभा तोच.

आणि हे इंजिन मिळाल्यावर वरच्या खिडक्या फटाफट निघायला लागल्या. केडेनलाईव्ह जेसन वूडने २००२ मध्येच सुरू केलं होतं पण त्याला खालचं इंजिन धड नव्हतं, ते एमएलटीवर आलं आणि मग जाँ-बातिस्त मार्देलने ते हातात घेऊन २००८ मध्ये केडीई ४ या लिनक्सच्या डेस्कटॉपसाठी जवळजवळ नव्याने उभं केलं. ओपनशॉट २००८ मध्ये टेक्सासमधल्या जोनाथन थॉमसने सुरू केलं, तेही आधी एमएलटीवरच. फ्लोब्लेड एमएलटीवर. शॉटकट तर डेनेडीने स्वतःच २०११ मध्ये नव्याने लिहिलं. लोक भांडत बसायचे की केडेनलाईव्ह भारी की शॉटकट भारी, खाली इंजिन एकच.

मग तरी सेव्ह करत जा हे का सांगावं लागायचं? कारण नेमकं याच वेळी कॅमेरे बदलले. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासोनिकने एव्हीसीएचडी हा व्हिडिओ साठवायचा नवा प्रकार आणला, २००८ मध्ये कॅननचा फाईव्ह डी मार्क टू एच.२६४ या दाबून साठवायच्या पद्धतीत फुल एचडी शूट करायला लागला, आणि टेप संपली. एच.२६४ मध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र नसते, एक पूर्ण फ्रेम आणि पुढच्या कितीतरी नुसत्या 'मागच्यापेक्षा काय बदललं' एवढ्याच. म्हणजे टाईमलाईनवर मधल्या कुठल्या जागी क्लिक केलं की आधीची पूर्ण फ्रेम शोधा, तिथून एकेक उलगडत या आणि मग दाखवा, उलटं चालवायचं असेल तर विचारूच नका. डीव्हीचं १,४४,००० ने गुणायचं गणित इथे उपयोगाचं नाही. किनोचा तर पायाच गेला, २००९ नंतर त्याची नवीन आवृत्ती आली नाही. बाकीचे सगळे हा फाईल उलगडायचा भाग एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरवर सोडून मोकळे होते, आणि ते एफएफएमपेग, जे फाब्रिस बेलारने २००० मध्ये सुरू केलं, त्याच्याच टीममध्ये २०११ ला भांडण होऊन लिबाव्ह वेगळं झालं. डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या आवृत्त्यांनी (म्हणजे डिस्ट्रोंनी) लिबाव्ह घेतलं, एडिटर लिहिणाऱ्यांना दोन्हींशी जुळवून घेत बसावं लागलं, २०१५ मध्ये डेबियन परत एफएफएमपेगवर आलं. मधल्या चार वर्षांत एडिटर क्रॅश झाला की शिव्या वरच्या खिडकीला.

पेटंटचं दुखणं वेगळंच. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मुळे नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामवर पेटंट मिळत नाही, पण फेडोरासारखे डिस्ट्रो अमेरिकेतले, तिथे एमपेगवाल्या कोडेकची (व्हिडिओ दाबायच्या-उलगडायच्या कोडची) पेटंटं जिवंत, त्यामुळे ते कोडेक देतच नव्हते. मग नवीन माणूस लिनक्स टाकणार, एडिटर टाकणार, स्वतःच्या कॅमेऱ्याची फाईल ओढून आणणार आणि काळी स्क्रीन. कुणीतरी सांगणार की आधी लिव्हना, नंतरच्या काळात आरपीएम फ्यूजन जोड, उबंटूवर असशील तर मेडीबंटू, म्हणजे असे कोडेक देणारी बाहेरची भांडारं. एमपेग २ चं शेवटचं अमेरिकन पेटंट संपलं फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे डीव्हीडीच बाजारातून गेल्यावर. आणि हे जुनं प्रकरण समजू नका, २०२२ मध्येही फेडोराने एच.२६४ चं ग्राफिक्स कार्डवरून होणारं डिकोडिंग याच कारणाने बंद केलं.

मधल्या काळात उबंटूने एक हौस करून बघितली. एडवर्ड हर्वी या विद्यार्थ्याने २००४ च्या सुमारास सुरू केलेलं पिटिव्ही २०१० च्या उबंटू १०.०४ मध्ये सगळ्यांना आपोआप दिलं. ते जीस्ट्रीमर या वेगळ्या इंजिनवर होतं, विचार चांगला होता, पण तेव्हा त्यात धड इफेक्टसुद्धा नव्हते, आणि लोकांनी पहिल्यांदा उघडून 'हे आहे होय लिनक्सचं एडिटिंग' म्हणून बंद केलं. ११.१० मध्ये उबंटूने ते काढून टाकलं. नंतर वर्गणीचा जमाना आला, केडेनलाईव्हने २०१२ मध्ये मागितली, ओपनशॉटने २०१३ मध्ये किकस्टार्टरवर सुमारे ४५,००० डॉलर जमवले, पिटिव्हीने २०१४ मध्ये. नोव्हाकट नावाचं एक तर वर्गणी घेऊन कधी पूर्णच झालं नाही. ओपनशॉटने त्या पैशात एमएलटी सोडून स्वतःचं इंजिन लिहिलं, २.० यायला २०१६ उजाडलं, आणि माझं स्पष्ट मत आहे की तिथे त्यांनी दोन वर्षं वाया घालवली, पण तो त्यांचा प्रश्न.

मोठ्या कंपन्यांनी काय केलं? एडिटशेअरने एप्रिल २०१० मध्ये जाहीर केलं की लाईटवर्क्स ओपन सोर्स करणार. हे लाईटवर्क्स म्हणजे १९८९ पासूनचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर, स्कॉर्सेसीची एडिटर थेल्मा शूनमेकर वापरते ते. सगळीकडे आनंदीआनंद. लिनक्स आवृत्ती आली तीसुद्धा २०१४ च्या सुरुवातीला, आणि सोर्स कोड आजतागायत नाही. दाविंची रिझॉल्व्हचं उलट. ते लिनक्सवर आधीपासून होतं, पण मोठ्या कलर ग्रेडिंगच्या (सिनेमाचे रंग जुळवायच्या) रूममध्ये, भल्यामोठ्या कंट्रोल पॅनलसकट. ब्लॅकमॅजिकने २००९ मध्ये कंपनी घेतली, आणि २०१६-१७ च्या सुमारास ते लिनक्सवर सामान्य माणसाच्या हातात आलं, फुकट. फुकट खरं, पण लिनक्सच्या फुकट आवृत्तीत एच.२६४ उघडायचंच नाही, आणि पैसे भरून स्टुडिओ ही विकतची आवृत्ती घेतली तरी एएसी ऑडिओ वर्षानुवर्षं नव्हता. म्हणजे फोनवरचा व्हिडिओ टाकला की चित्र आहे, आवाज गायब. शेवटी सगळे काय करतात, आधी एफएफएमपेगने फाईल बदलून घेतात, २ जीबीची १५ जीबी होते, मग दाविंची.

मराठी टायटलचं दुखणं राहिलंच. एका एडिटरमध्ये मी 'शुभविवाह' टाईप केलं तर 'वि'ची वेलांटी वच्या पुढे जाऊन बसली, कारण तो एकेक अक्षर सुटं काढून चिकटवत होता, देवनागरी जुळवणारा भागच त्यात नव्हता. शेवटी टायटल इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून चित्र म्हणून टाकलं. केडेनलाईव्ह आणि शॉटकट क्यूटी या देवनागरी नीट जुळवणाऱ्या तयार कोडवर असल्याने तिथे हा त्रास नाही.

केडेनलाईव्ह २०१९ मध्ये आतून परत सगळं बदलून आलं, १९.०४, सुरुवातीचे काही महिने वाईट गेले पण त्यानंतर ते खरंच स्थिरावलं. २०२२ मध्ये १५,००० युरोची वर्गणी मागितली ती पूर्ण झाली.

परवा जुन्या हार्डडिस्कवर २००८ च्या त्या लग्नाची १३ जीबीची डीव्ही फाईल सापडली. केडेनलाईव्हमध्ये टाकली, लगेच पळायला लागली, नुसत्या हलणाऱ्या माणसांच्या कडांना आडव्या रेघा, त्या डीइंटरलेस केल्यावर गेल्या. मग त्याच टाईमलाईनवर भाचीने फोनवर काढलेली क्लिप ओढली, तर खिडकी उघडली: हिचा फ्रेमरेट कमीजास्त होतोय, एडिटिंगला सोयीच्या फॉरमॅटमध्ये बदलून देऊ का? हो म्हटलं आणि चहा टाकायला गेलो.