पत्रकारांवरचा राग आणि विकलेली पाने

‘पत्रकार विकले गेले आहेत’ हे वाक्य आज कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावरून ऐकू येते आणि समोरच्या गर्दीतून त्यावर टाळ्याही पडतात. नेत्यांचा राग जुना आहे. टाळ्या मात्र त्या मानाने अलीकडच्या आहेत, आणि त्या का पडू लागल्या याचा शोध वृत्तपत्रांच्या स्वतःच्या वागणुकीपाशी येऊन थांबतो.

नागपूरने राज्यकर्त्यांचा हा राग शतकभरापूर्वीच पाहिला. माधवराव सप्रे यांनी १९०७ मध्ये येथून ‘हिंदी केसरी’ सुरू केले आणि पुढच्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. घरच्यांच्या आग्रहापुढे त्यांनी माफी लिहून दिली, तिचा सल मात्र त्यांच्या मनातून लवकर गेला नाही. १९०८ मध्येच लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या काळी संपादक तुरुंगात गेला की वाचकाचा त्याच्यावरचा विश्वास वाढत असे, कारण त्याने शब्दाची किंमत स्वतः मोजलेली असे.

स्वातंत्र्यानंतर सत्ताधारी बदलले, पण छापील शब्दाविषयीची त्यांची चीड गेली नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू होताच वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण, म्हणजे छापण्याआधी मजकूर सरकारकडून मंजूर करून घेण्याची सक्ती, आले, वृत्तपत्रांच्या आचारावर देखरेख ठेवणारी प्रेस कौन्सिल बरखास्त झाली आणि १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ ही एकच संस्था उभी करण्यात आली. काही संपादकांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली, काही तुरुंगात गेले, पण बहुतेकांनी मुकाट्याने जुळवून घेतले. तुम्हाला फक्त वाकायला सांगितले होते, तुम्ही तर रांगायला लागलात, हे लालकृष्ण अडवाणी यांचे नंतरचे उद्गार म्हणूनच झोंबले. पुढे १९८२ चे बिहारचे प्रेस विधेयक आणि लोकसभेने १९८८ मध्ये मंजूर केलेले मानहानी विधेयक ही वृत्तपत्रांना बंधने घालणारी दोन्ही विधेयके मागे घ्यावी लागली. त्या वेळी पत्रकार रस्त्यावर उतरले आणि लोकमतही त्यांच्या बाजूने उभे राहिले, हे विसरता येत नाही.

हे पाठबळ ओसरले ते व्यवसायाच्या अंतर्गत दुखण्यामुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४३ मध्ये पुण्यातील भाषणात, एके काळी पेशा असलेली पत्रकारिता आता व्यापार झाली आहे आणि साबण तयार करण्यापेक्षा अधिक नैतिक कार्य तिच्याकडे उरलेले नाही, असे स्पष्ट सांगितले होते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत या निदानाचा पुरावाच छापून आला. एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर, शब्दही न बदलता, परस्परांच्या स्पर्धक दैनिकांत वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावाने प्रसिद्ध झाला, आणि ही जाहिरात आहे असे त्यावर कुठेही नमूद नव्हते. त्या काळात ‘पॅकेज’, म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या रूपात प्रचार छापण्याचा सौदा, हा शब्द उमेदवारांच्या प्रचार कार्यालयांत उघडपणे वापरला जाई. आणीबाणीनंतर पुन्हा स्थापन झालेल्या प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने या प्रकारावर वृत्तपत्रांची नावे घेऊन ७१ पानांचा अहवाल लिहिला. कौन्सिलने मात्र २०१० मध्ये त्याचा संक्षेपच स्वीकारला, आणि मूळ अहवाल लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. दुसऱ्यांच्या फायली उघड करा म्हणणाऱ्यांनी स्वतःची फाईल दडवली, आणि माझ्या मते विश्वासाला सर्वात खोल तडा गेला तो येथेच.

सप्टेंबर २०२३ मध्ये भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष, मूळचे नागपूर जिल्ह्यातले चंद्रशेखर बावनकुळे यांनी, विरोधात बातम्या येऊ नयेत म्हणून पत्रकारांना चहाला, ढाब्यावर न्या, असा सल्ला कार्यकर्त्यांना दिल्याची ध्वनिफीत पसरली. आपला रोख पत्रकारांना सन्मानाने वागवण्यावर होता, असा खुलासा त्यांनी केला. पत्रकार संघटनांनी निषेध नोंदवला, पण पत्रकार एका चहात वश होतो ही समजूत समाजात इतकी सहज का रुजली, याची चर्चा फारशी झाली नाही.

पत्रकारांवरील हल्ल्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारा कायदा राज्य विधिमंडळाने २०१७ मध्ये मंजूर केला. तो हवाच होता. पण विदर्भातील तालुक्याच्या गावी पगाराविना, जाहिरातीच्या कमिशनवर काम करणारा वार्ताहर सकाळी ज्या नगराध्यक्षाच्या दारी वाढदिवसाच्या पुरवणीसाठी अर्ध्या पानाची जाहिरात मागायला उभा असतो, त्याच नगराध्यक्षाच्या काळात बांधलेली आणि पहिल्याच पावसात खचलेली नाली त्याला संध्याकाळी बातमीत लिहायची असते.