सान मार्को मठातील भित्तिलेपचित्रे

इटलीतील फ्लॉरेन्स येथील सान मार्को या डोमिनिकन (संत डॉमिनिकने स्थापिलेल्या ख्रिस्ती संन्यासी-पंथाच्या) मठात फ्रा अँजेलिको (मृत्यू १४५५) या संन्यासी चित्रकाराने साहाय्यकांसह भिंतींवर, मुख्यतः ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर, रंगविलेली धार्मिक चित्रे. पोप चौथा यूजीन याने १४३६ मध्ये हा मठ जवळच्या फिएझोले गावातील कठोर नियमपालन करणाऱ्या डोमिनिकनांकडे सोपविला. फ्लॉरेन्सचा धनाढ्य सत्ताधीश कोझिमो दे मेदिची याच्या खर्चाने वास्तुकार मिकेलोत्सोने त्याची पुनर्बांधणी केली.

चित्रांच्या कालनिश्चितीबाबत मतभेद आहेत. चर्चच्या मुख्य वेदीची प्रतिष्ठापना १४४३ च्या जानेवारीत झाली; त्यामुळे संन्याशांच्या निवासी कक्षांतील बरीचशी चित्रे साधारणतः १४३८ ते १४४३ या काळातील मानली जातात. जिन्याच्या माथ्यावरील ‘मरियेला देवदूताचा संदेश’ (मरिया म्हणजे ख्रिस्ताची माता) हे मोठे चित्र मात्र काही अभ्यासक अँजेलिको रोमहून परतल्यानंतरचे, म्हणजे १४५० च्या सुमाराचे समजतात. पूर्वेकडील मार्गिकेतील मरिया व संतांच्या चित्राबाबतही असाच वाद आहे. त्याचा काही भाग ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर नव्हे, तर गिलावा सुकल्यावर रंगविलेला आहे. परंतु केवळ तंत्रातील या फरकावरून ते उत्तरकालीन ठरविणे धाडसाचे वाटते, कारण चुन्यात न टिकणारी ॲझुराइट या खनिज रंगद्रव्याची निळाई त्या काळी सर्रास सुक्या गिलाव्यावरच लावीत. कोणते चित्र अँजेलिकोचे व कोणते बेनोत्सो गोत्सोली आदी साहाय्यकांचे, हेही सर्वत्र निश्चित सांगता येत नाही.

चाळीसहून अधिक कक्षांपैकी प्रत्येकात सामान्यतः एकच चित्र आहे. संन्याशाने त्याच्यासमोर रोज प्रार्थना करावी, हा त्याचा हेतू. म्हणूनच रंग मोजके, पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी आणि कथनापेक्षा चिंतनाला वाव अधिक. नवदीक्षितांच्या कक्षांत क्रूसापाशी संत डॉमिनिक निरनिराळ्या मुद्रांत दिसतो. या मुद्रांचा संबंध त्याच्या प्रार्थनेच्या नऊ रीती सांगणाऱ्या तेराव्या शतकातील पुस्तिकेशी जोडला जातो व तो ग्राह्य वाटतो, कारण शरीराला प्रार्थनेचे वळण लावणे हा नवदीक्षितांच्या शिक्षणाचाच भाग होता. सातव्या कक्षात ख्रिस्ताची विटंबना करणारे हात व थुंकणारे मस्तक तेवढे दिसते, देहांचा पत्ता नाही. खाली डॉमिनिक शांतपणे वाचत बसला आहे. प्रसंग डोळ्यांसमोर नसून ध्यानात घडतो आहे, हे यातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल.

जिन्यावरील चित्राखालच्या लॅटिन लेखात, मरियेच्या प्रतिमेपुढून जाताना ‘नमो मरिया’ म्हणण्यास चुकू नये, अशी सूचना आहे. कोझिमोसाठी राखलेल्या जोडकक्षात पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनी बाळ ख्रिस्ताला केलेल्या वंदनाचे चित्र असून, इतर कक्षांच्या मानाने त्यातील पात्रे व रंग बरेच समृद्ध आहेत. १८६९ पासून मठाचा काही भाग संग्रहालय म्हणून खुला आहे.