कपकेकची जाळी कोण पाडतं?

चांगल्या जमलेल्या कपकेकमध्ये निम्म्याहून जास्त जागा हवेची असते. मैदा, साखर, बटर, अंडी हा सगळा खर्च आपण त्या हवेभोवती पातळ भिंती उभ्या करण्यासाठी करतो. वर लावतो ते फ्रॉस्टिंगही बहुतेक वेळा हवा कोंडलेलंच असतं. म्हणून रेसिपीतल्या वाट्या-चमच्यांकडे जेवढं लक्ष द्यावं तेवढंच ही हवा कधी शिरते, कधी फुगते आणि कधी पक्की अडकते याकडेही द्यावं, असं माझं मत आहे. फसलेले कपकेक बहुधा इथेच फसलेले असतात.

केकची जाळी बेकिंग पावडर पाडते, असा समज सर्वत्र आहे. तो अर्धाच खरा. बेकिंग पावडरमधून कार्बन डायऑक्साइड निघतो, पण घट्ट मिश्रणात नव्याने बुडबुडा तयार होणं फार अवघड असतं. बुडबुडा जितका लहान तितका पृष्ठताणामुळे त्याच्या आतला दाब जास्त, त्यामुळे अगदी सूक्ष्म बुडबुडा जन्मताच विरघळून जातो. वायू मग सोपी वाट धरतो. आधी तो मिश्रणातल्या पाण्यात विरघळतो आणि तिथून अगोदरच असलेल्या बुडबुड्यांमध्ये शिरून त्यांना फुगवतो. म्हणजे ओव्हनमध्ये बुडबुड्यांची संख्या वाढत नाही, आकार वाढतो. संख्या ठरते ती बटर आणि साखर फेटताना. तेव्हा आळस केला तर मोजके बुडबुडे सगळा वायू वाटून घेतात आणि जाळी मोठी, ओबडधोबड पडते. मग वरून कितीही बेकिंग पावडर घाला, उपयोग नाही.

फेटताना साखरेचे टोकदार कण बटरमधून घासत जातात आणि प्रत्येक कणामागे थोडी हवा ओढली जाते. वितळलेल्या बटरमध्ये ही हवा टिकत नाही, कारण तिला धरून ठेवणारे स्निग्धाचे स्फटिकच उरलेले नसतात. फ्रीजमधून थेट काढलेल्या दगडी बटरमध्ये ती शिरतच नाही. १८ ते २० अंश सेल्सिअस हे मधलं तापमान योग्य. परदेशी रेसिपीत ‘रूम टेंपरेचरचं बटर’ लिहिलेलं असतं ते थंड देशातल्या खोलीचं. नागपूरच्या मे महिन्यात ते शब्दशः पाळलं तर भांड्यात तूपसदृश काहीतरी हाती लागेल. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण बटर चकाकू नये, ही खूण थर्मामीटरशिवायही पुरते. अंडीही गार नकोत. गार अंड्याने बटर पुन्हा घट्ट होतं आणि मिश्रण फाटल्यासारखं दिसू लागतं.

आता त्या पावडरीबद्दल. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडीही चालत नसत आणि यीस्टही. त्यांच्यासाठी बर्ड यांनी १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली आणि १८४३ मध्ये यीस्टविना पाव फुगवणारी बेकिंग पावडर. कल्पना साधी होती: खायचा सोडा, एखादं कोरडं आम्ल आणि दोघांना एकमेकांपासून कोरडं ठेवणारा स्टार्च. ओल लागली की अभिक्रिया सुरू. एक ग्रॅम सोडा पूर्ण वापरला गेला तर खोलीच्या तापमानाला पाव लिटरहून थोडा जास्त वायू देतो, यावरून चमचाभर पावडर काय करते याचा अंदाज येईल. आजच्या ‘डबल अ‍ॅक्टिंग’ पावडरींमध्ये दोन प्रकारची आम्लं असतात. त्यातलं पहिलं आम्ल मिश्रण कालवतानाच कामाला लागतं, दुसरं उष्णता मिळाल्यावर. त्यामुळे ट्रे भरायला थोडा वेळ लागला तरी चालतं. ढोकळ्यात घालतो त्या फ्रूट सॉल्टला अशी सवड नसते. ते फसफसलं की भांडं लगेच वाफेवर जायला हवं.

नुसता सोडा घालायचा तर सोबत दही, ताक, व्हिनेगर किंवा लिंबू काहीतरी आंबट हवंच. आम्ल कमी पडलं तर उरलेल्या सोड्याचं उष्णतेने सोडियम कार्बोनेट होतं. हाच धुण्याचा सोडा. कपकेकला साबणासारखी चव येते ती यामुळे.

मैदा घातल्यावर मात्र हात आवरता घ्यावा. पाणी आणि ढवळणं मिळालं की मैद्यातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं एकमेकांत गुंतून ग्लुटेनचं लवचिक जाळं विणतात. पोळीला ते हवं, कपकेकला नको. मैद्याचे पांढरे पट्टे दिसेनासे झाले की थांबायचं.

आपल्याकडे घरोघरी बिनअंड्याचेच कपकेक जास्त होतात. अंड्यातली प्रथिनं तापल्यावर गोठून बुडबुड्यांच्या भिंती पक्क्या करतात आणि पिवळ्या बलकातलं लेसिथिन पाणी व स्निग्धाची मोट बांधतं. कंडेन्स्ड मिल्क आणि दही यातलं काही काम करतात, सगळं नाही. त्यामुळे बिनअंड्याचा कपकेक ठिसूळ असतो. पुढे सारण भरण्यासाठी पोखरताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

ओव्हनमध्ये एक शर्यत चालते. एकीकडे वायू आणि वाफ बुडबुडे फुगवत असतात, दुसरीकडे भिंती कडक होत असतात. गव्हाचा स्टार्च नुसत्या पाण्यात साठेक अंशांना फुगून घट्ट होऊ लागतो. केकच्या मिश्रणात भरपूर साखर असल्यामुळे हेच तापमान ८० ते ९० अंशांपर्यंत वर सरकतं आणि बुडबुड्यांना फुगायला जादा वेळ मिळतो. ‘आमच्याकडे गोड कमी खातात’ म्हणून साखर निम्मी करणाऱ्यांचे कपकेक बुटके आणि चिवट का होतात, त्याचं बरंचसं उत्तर यात आहे. साखर इथे चवीपुरती नसते. ती थोडी कमी करता येते, पण निम्मी केली तर ती वेगळीच रेसिपी होते.

ओव्हन १८० अंशांवर असला तरी कपकेकचं पोट १०० च्या पुढे जात नाही. पाणी आहे तोवर सगळी उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होते. आतला भाग ९५ ते ९८ अंशांना तयार असतो. वरचं पातळ साल मात्र कोरडं पडून बरंच जास्त तापतं आणि लुई कामिय मायार या फ्रेंच संशोधकाने १९१२ मध्ये वर्णन केलेली साखर आणि प्रथिनांमधली अभिक्रिया तिथे सुरू होते. बदामी रंग आणि भाजल्याचा वास हे तिचंच देणं.

कपकेकच्या लहान आकाराचा फायदा याच टप्प्यावर कळतो. लहान कपांत भाजायच्या हलक्या केकचा उल्लेख १७९६ साली अमेरिकेत छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात सापडतो, म्हणजे ही युक्ती जुनीच. उष्णता कडेकडून आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: जाडी दुप्पट तर वेळ साधारण चौपट. म्हणून कपकेक अठरा-वीस मिनिटांत होतो आणि मोठा केक पाऊण तास घेऊ शकतो. ओव्हन फार तापलेला असेल तर कडा झटकन घट्ट होतात, मधला ओला भाग तेवढा वर येत राहतो आणि टोकदार डोंगर तयार होतो. फ्रॉस्टिंगसाठी सपाट माथा हवा असेल तर तापमान १६० ते १६५ वर आणून थोडा जास्त वेळ द्यावा. कागदी कप दोन तृतीयांशच भरावेत.

ओव्हनचं दार मध्येच उघडू नये हा सल्ला सगळेच देतात, पण त्याचं कारण कुणी सांगत नाही. सुरुवातीला प्रत्येक बुडबुडा बंद असतो. थंड हवा लागली की आतला वायू आकसतो, वाफेचं पाणी होतं आणि ओल्या भिंती खाली बसतात. शेवटच्या मिनिटांत भिंती घट्ट होता होता फाटतात आणि सगळे बुडबुडे एकमेकांना जोडले जातात. फेसाचा स्पंज होतो. आता बाहेरची हवा आरामात आत जाऊ शकते, म्हणून गार झाल्यावरही केक बसत नाही. तेव्हा पहिली बारा-तेरा मिनिटं काचेतूनच पाहावं. महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीच्या ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने बुडबुडे जास्त फुगतात आणि भिंती तयार होण्याआधीच फुटतात. तिथे बेकिंग पावडर थोडी कमी घालावी. पुण्याच्या उंचीने काही बिघडत नाही.

सारणात हवेपेक्षा पाण्याची चिंता जास्त. पाणी जिथे मोकळं असतं तिथून जिथे कमी मोकळं असतं तिकडे सरकतं. पातळ आमरस भरला तर तो काही तासांत स्पंजमध्ये मुरतो: मध्ये पोकळी आणि भोवती लगदा. हापूसच्या रसात सुमारे ८० टक्के पाणी असतं. रस साखर घालून कढईचा तळ दिसेपर्यंत आटवला की बरंच पाणी उडतं आणि उरलेलं साखर धरून ठेवते. जॅम चांगला टिकतो तोही याच कारणाने. सारण भाजण्याआधी मिश्रणात घालण्याचा मोह टाळावा. जॅम हवा भरलेल्या मिश्रणापेक्षा बराच जड असतो, तो तळाला जाऊन कागदाला चिकटतो.

कस्टर्ड भरायचं तर एक गंमत माहीत असावी. अंड्याच्या बलकात अमायलेज हे विकर असतं. ते स्टार्च तोडतं. घट्ट झालं म्हणून कस्टर्ड लवकर उतरवलं तर रात्रीतून ते पुन्हा पातळ होतं. त्यामुळे बुडबुडे येईपर्यंत उकळून मिनिटभर तरी ढवळत राहायचं. डब्यातल्या कस्टर्ड पावडरमध्ये अंडं नसल्याने हा प्रश्न येत नाही. बर्डसाहेबांची ही कृपा. तसंच कच्च्या अननसाचं सारण जिलेटिनने घट्ट होत नाही, कारण अननसातलं ब्रोमेलिन जिलेटिनच्या साखळ्या कापून टाकतं. अननस आधी उकळावा, किंवा चायना ग्रास वापरावं. ते प्रथिन नसल्याने ब्रोमेलिन त्याला हात लावू शकत नाही.

भरण्याची कृती सोपी आहे. कपकेक पूर्ण गार झाल्यावर छोट्या सुरीने मधून शंकूच्या आकाराचा तुकडा काढायचा, तळाशी बोटभर थर राखायचा, सारण भरून तुकड्याची टोपी पुन्हा बसवायची. बिनअंड्याच्या कपकेकला खड्डा अरुंद पाडावा, नाहीतर हातात घेताच तो दुभंगतो.

फ्रॉस्टिंगमध्ये आपलं हवामान आडवं येतं. दुधातलं स्निग्ध म्हणजे वेगवेगळ्या तापमानांना वितळणाऱ्या अनेक स्निग्धांची मिसळ. फ्रीजमध्ये, ५ अंशांना, त्यातला जवळपास निम्मा भाग घन असतो. २० अंशांना साधारण पाचवा हिस्सा उरतो आणि तिशी ओलांडली की नावापुरताच. बटर आणि पिठीसाखर फेटून केलेल्या बटरक्रीमची नक्षी त्या पाचव्या हिश्शाच्या जोरावर उभी असते. मुंबईच्या ३३ अंशांत ती ओघळणारच. त्यात करणाऱ्याचा दोष नाही. पिठीसाखर वाढवत नेल्याने फ्रॉस्टिंग घट्ट वाटतं, पण वितळायचं थांबत नाही, आणि गोडाने तोंड मारलं जातं. त्यापेक्षा इटालियन पद्धत बरी: फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात ११५ ते ११८ अंशांचा, म्हणजे गोळीबंद, पाक धारेने सोडायचा आणि गार झाल्यावर बटर घालायचं. शिजलेल्या प्रथिनांचा आधार मिळाल्याने हे क्रीम थोडं जास्त तग धरतं. बटर घालताना मिश्रण फाटलेलं दिसलं तर ओतून देऊ नका. बहुधा ते फार गार असतं. भांड्याला बाहेरून कोमट कापड लावून फेटत राहिलं की जुळून येतं.

व्हिप क्रीमचा हिशोब वेगळा. साय फेटताना स्निग्धाचे गोळे एकमेकांना अर्धवट चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती साखळ्या करतात. फेटणं तिथे थांबवलं तर क्रीम, पुढे चालू ठेवलं तर लोणी आणि ताक. त्यासाठी किमान ३० ते ३५ टक्के स्निग्ध आणि सगळं गार हवं. दुकानात सहज मिळणाऱ्या २५ टक्क्यांच्या फ्रेश क्रीमला तास-तास फेटणाऱ्यांची मला दया येते. बेकऱ्या वापरतात ते व्हिप टॉपिंग बहुधा दुधाचं नसतंच, पाम कर्नेल तेलाचं असतं. ते आपल्या उन्हाळ्यात उभं राहतं, मात्र त्यातलं काही स्निग्ध तोंडाच्या तापमानालाही पुरतं वितळत नाही आणि टाळूवर मेणासारखा थर राहतो. स्निग्ध अर्धवट हायड्रोजनेटेड, म्हणजे हायड्रोजन जोडून घट्ट केलेलं, असेल तर ट्रान्स फॅट येतात. भारतात जानेवारी २०२२ पासून त्यांची मर्यादा तेल-तुपाच्या २ टक्के आहे, पण वेष्टन वाचावंच. एप्रिल-मेमध्ये मी तर गनाश सुचवेन: दोन भाग डार्क चॉकलेट, एक भाग क्रीम. कोको बटर ३२ ते ३४ अंशांना वितळतं, त्यामुळे गनाश दुधाच्या स्निग्धापेक्षा उशिरा हार मानतं.

उरलेले कपकेक ठेवायचे कुठे? फ्रीजच्या तापमानाला शिजलेला स्टार्च पुन्हा स्फटिकरूप घेऊ लागतो आणि स्पंज बाहेरपेक्षा तिथे लवकर शिळा, कडक होतो. बटरही घट्ट होतं. त्यामुळे बिनसारणाचे साधे कपकेक बंद डब्यात बाहेरच ठेवावेत. जास्त दिवस टिकवायचे तर सरळ फ्रीझरमध्ये. तिथे ही क्रिया जवळजवळ थांबते. कस्टर्ड किंवा क्रीम भरलेल्यांना मात्र फ्रीजशिवाय गत्यंतर नाही. ते बटरऐवजी तेल घालून केलेले असतील तर गारही मऊ लागतात. वाढण्याआधी बाहेर काढले की डब्याचं झाकण लगेच उघडू नये. दमट हवेतलं पाणी गार पृष्ठभागावर दवासारखं जमतं, आणि ते फ्रॉस्टिंगवर जमण्यापेक्षा डब्याच्या बाहेर जमलेलं बरं. अर्ध्या-पाऊण तासाने झाकण काढा.