कारागृह शिक्षण (बेळगाव सीमाभाग)

शिक्षा भोगणाऱ्या पक्क्या आणि खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्यांना अक्षरओळख, हिशेब व सुटकेनंतर लागणारे व्यवहारज्ञान देण्याची व्यवस्था. सीमाभागात तिचे मुख्य ठिकाण बेळगाव शहरालगतचे हिंडलगा मध्यवर्ती कारागृह होय.

भारतात ही प्रथा कधी रुजली याविषयी मतभेद आहेत. मेकॉले सदस्य असलेल्या तुरुंग समितीने 1838 मध्ये कैद्यांना शिकवून सुधारण्याची कल्पना मोडीत काढली होती. तरीही 1850 च्या सुमारास आग्र्याच्या तुरुंगात वाचन-लेखन शिकवीत असल्याचे उल्लेख आढळतात व काही अभ्यासक तेथूनच परंपरा मोजतात. मात्र तो उपक्रम स्थानिक अधिकाऱ्यांच्या पुढाकारावर चाललेला दिसतो. त्यामुळे सुधारणा हे शिक्षेचे उद्दिष्ट मानणाऱ्या 1919-20 च्या कार्ड्यू समितीपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. हिंडलग्याचे कारागृहही साधारण त्याच काळातले, 1923 च्या आसपासचे. अर्थात तेवढ्यावरून तेथील वर्ग तितके जुने ठरत नाहीत. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत जिल्हा मुंबई राज्यात होता. तुरुंग हा राज्यसूचीतील विषय असल्याने पुढे म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्याचे नियम लागू झाले.

साक्षर कोणाला म्हणावे, हा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. जनगणनेनुसार सात वा अधिक वर्षांची जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू-लिहू शकते ती साक्षर. 1988 च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाने कसोटी आणखी काटेकोर केली: मिनिटाला 30 शब्द मोठ्याने वाचणे, पाहून 7 व ऐकून 5 शब्द लिहिणे, शंभरापर्यंत अंक लिहिणे, तीन अंकी बेरीज-वजाबाकी. म्हणजे ज्ञानेश्वरी वाचणारा खानापूरकडचा वारकरी कैदी नोंदीत साक्षरच असतो. पण कानडी कागद पुढे आला की त्याला अंगठेबहाद्दराइतकेच परावलंबी व्हावे लागते. उलट, कानडीतच पहिल्यांदा अक्षरे गिरवणाऱ्या मराठीभाषकाला दुहेरी ओझे पडते. जोडाक्षरातले दुसरे व्यंजन (ओत्तक्षर) कानडीत पहिल्याच्या खाली बसते आणि ए, ओ या स्वरांना ऱ्हस्व-दीर्घ अशी वेगळी चिन्हे आहेत. मराठी कानाला तो भेद चटकन लागत नाही. आधी मातृभाषेत वाचन पक्के करून मग राज्यभाषेची लिपी शिकवावी, हे प्रौढशिक्षणातील मत येथे अधिक लागू पडते. कायद्याचा आधार मात्र तुटपुंजा आहे. मातृभाषेतून शिक्षणाविषयीचा संविधानाचा अनुच्छेद 350अ प्राथमिक शाळेतील मुलांपुरता असून, किमान 15 टक्के लोकसंख्येच्या भाषिक अल्पसंख्याकांना सवलत देणारा 1981 चा कर्नाटकाचा राजभाषा कायदा स्थानिक संस्थांपुरता होता. तुरुंग दोहोंच्या बाहेर राहिला.

जीवनकौशल्यांत सही करणे, पासबुक वाचणे, अपिलाचा अर्ज समजून घेणे, राग व व्यसन आवरणे यांचा समावेश होतो. सीमाभागात त्यांत कानडी उतारा (पहाणी) व बसवरचे कानडी अंक वाचणे यांची भर घालणे उपयुक्त ठरते. कच्च्या कैद्यांवर कामाची सक्ती नसते. त्यांचा मुक्काम अनिश्चित असल्याने अभ्यासक्रम अर्धवट सुटतो. संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांतील (2015) नियम 104 निरक्षर व तरुण कैद्यांचे शिक्षण सक्तीचे मानतो. तो बंधनकारक कायदा नसून मार्गदर्शक आहे. पुढील शिक्षण प्रामुख्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठासारख्या संस्थांतून दूरस्थ पद्धतीने घेतले जाते.