व्हिडिओवरून तपासणी : काय पोहोचते, काय गळते

व्हिडिओ कॉलचे तंत्रज्ञान मुळात माणसांच्या संभाषणासाठी घडवले गेले आहे. चेहरा नीट दिसावा, बोलणे स्वच्छ ऐकू यावे आणि इंटरनेट मंदावले तरी संवाद तुटू नये, यासाठी ते बोलण्याला अनावश्यक वाटणारा पुष्कळ तपशील वाटेतच गाळून टाकते. रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना मात्र अनेकदा नेमका तोच तपशील हवा असतो. दूरस्थ तपासणीसाठी वेगळी उपकरणे का लागतात, याचे बरेचसे उत्तर या गाळणीत आहे.

हृदयाच्या ठोक्यांचेच पाहा. त्यांच्या आवाजाचा मोठा भाग सुमारे २० ते १५० हर्ट्झ इतक्या खर्जात असतो, तर पारंपरिक टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचाच पट्टा वाहून नेत असे. आजच्या कॉलचा पट्टा याहून बराच रुंद आहे. तरीही फोन छातीला टेकवून फारसे हाती लागत नाही, कारण गोंगाट कमी करणारे सॉफ्टवेअर पंख्याचा आवाज ज्या न्यायाने पुसते, त्याच न्यायाने श्वासाचा आवाजही पुसू शकते. डिजिटल स्टेथोस्कोप छातीवरील स्पंदने स्वतःच्या संवेदकाने टिपतो आणि त्यांची ध्वनिफीत या प्रक्रियेतून न जाऊ देता वेगळ्या मार्गाने पाठवतो. इतके करूनही पलीकडे डॉक्टर लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकत असतील तर सगळे मुसळ केरात, कारण एवढा खर्ज त्या स्पीकरला पेलतच नाही. चांगला हेडफोन येथे चैनीची वस्तू नसून तपासणीचेच उपकरण आहे.

चित्राची गोष्ट थोडी अधिक गुंतागुंतीची आहे. माणसाचा डोळा उजेडातील फरक जितक्या बारकाईने टिपतो, तितक्या बारकाईने रंगातील फरक टिपत नाही. त्याचा फायदा घेऊन बहुतेक व्हिडिओ कॉलमध्ये चार पिक्सेलच्या प्रत्येक गटासाठी प्रकाशाच्या चार, पण रंगाची एकच नोंद पाठवली जाते. गप्पांमध्ये हे कोणाच्या लक्षातही येत नाही; त्वचेवरील बारीक पुरळाची कड पाहताना मात्र येते. त्यात कॅमेरा पांढऱ्या रंगाचा समतोल आपोआप साधत असतो. पिवळ्या दिव्याखाली बसलेल्या रुग्णाच्या चित्रातील पिवळेपणा तो आपल्या अंदाजाने कमी करतो आणि डोळ्यांतील कावीळ खरी किती व दिव्याची किती, हे ठरवणे अवघड होऊन बसते. म्हणून रुग्णाला खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बसवून चेहऱ्याशेजारी कोरा पांढरा कागद धरायला सांगणे हा उपाय साधा असला तरी उपयोगी आहे. त्वचेच्या तक्रारीत तर चालू व्हिडिओपेक्षा आधी काढून पाठवलेले स्पष्ट छायाचित्र सहसा अधिक विश्वासार्ह ठरते.

हालचालींनाही हीच अडचण भोवते. पार्किन्सनच्या आजारात विश्रांतीच्या स्थितीतील हाताचा कंप साधारणपणे सेकंदाला ४ ते ६ वेळा होतो. असा कंप खरा दिसण्यासाठी सेकंदाला त्याच्या दुपटीहून अधिक फ्रेम लागतात. ३० फ्रेमच्या व्हिडिओत तो व्यवस्थित दिसतो, पण जोडणी खालावून फ्रेम ५ ते ८ वर आल्या की तोच कंप भलत्याच संथ गतीचा भासू शकतो.

आकड्यांना आणि आलेखांना हा त्रास फारसा होत नाही. ईसीजीचे जनक मानले जाणारे डच शास्त्रज्ञ विलेम आइन्टहोव्हेन यांनी १९०५ मध्येच नेदरलँड्समधील लायडेन येथे रुग्णालयातील रुग्णांच्या हृदयाचे विद्युत संकेत टेलिफोनच्या तारेने सुमारे दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेत नेले होते. आज ईसीजीच्या एका आलेखासाठी सेकंदाला प्रत्येकी १६ बिटच्या ५०० नोंदी घेतल्या, तरी ८ किलोबिट पुरतात. व्हिडिओला शेकडो किंवा हजारो लागतात. ऑक्सिमीटरचे आकडेही असेच सहज पोहोचतात, मात्र ते मुळात बरोबर असायला हवेत. बोटातून सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश सोडून हे उपकरण रक्तातील ऑक्सिजनचा अंदाज बांधते. बोट गार पडले असेल किंवा नखाला गडद रंग लावला असेल तर तो अंदाज चुकू शकतो, त्यामुळे डॉक्टरांनी आकडा ऐकण्याबरोबर बोटही कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितले तर त्यात नवल नाही.

स्पर्शाला मात्र नेहमीच्या वापरात अजून पर्याय नाही. पोट दुखत असल्यास डॉक्टर रुग्णाला स्वतःच्या हाताने पोट दाबायला किंवा खोकायला सांगून वेदना नेमकी कुठे उठते हे विचारतात. पण पोटाचे स्नायू आपोआप ताठरले आहेत का, हे तपासणाऱ्याच्या बोटांनाच कळते आणि तशी शंका आली की रुग्णाला प्रत्यक्ष तपासणीसाठी बोलावले जाते.