पार्श्वभूमी : उंच इमारतींखालची ‘मोकळी’ जमीन

आमच्याकडे विदर्भातल्या खेड्यात ‘टावर’ म्हटलं की मोबाइलचा. त्याखालोखाल उंच म्हणजे पाण्याची टाकी, आणि जुन्या कापूसपेठेचं गाव असेल तर एखाद्या बंद जिनिंगची चिमणी. त्यामुळे देशातल्या सर्वांत उंच इमारतींची यादी वाचताना ती दुसऱ्याच कुणाच्या गावची गोष्ट वाटते. यादीतली वरची बहुतेक नावं मुंबईची, त्यातही परळ, वरळी, महालक्ष्मी, ताडदेव एवढ्याच पट्ट्यातली. हा पट्टा म्हणजे जुनं गिरणगाव आणि त्याची वेस. तिथल्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसात इकडच्या कापसाचाही मोठा वाटा होता, म्हणून ही गोष्ट इकडून सांगायला हरकत नाही.

मागचं थोडक्यात. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. त्याच दशकात ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी निघाली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि गाठी मुंबईकडे धावू लागल्या. अमरावतीच्या जुन्या नावावरून वऱ्हाडी कापसाला व्यापारात ‘ऊमरा’ म्हणत. हिंगणघाटच्या कापसाची ओळख वेगळी होती. मुंबईत तेव्हा उंचीचा मान २८० फुटी राजाबाई टॉवरकडे होता, तोही मुळात घड्याळाचा मनोरा. गिरणगावात आभाळाकडे जायच्या त्या फक्त चिमण्या.

राहण्या-वापरण्याच्या इमारतींची खरी शर्यत स्वातंत्र्यानंतरची. १९५९ मध्ये मद्रासला विमा कंपनीची इमारत झाली आणि ती बघायला लोक गावाहून येत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईने तिला मागे टाकलं. १९७० मध्ये कफ परेडला, समुद्र बुजवून काढलेल्या जमिनीवर, १५६ मीटरची कचेरी उभी राहिली. पुढे कितीतरी वर्षं मुंबईत कुणी तिच्या फार वर गेलं नाही. पैसा नव्हता किंवा इंजिनिअर नव्हते असं नाही. आडवी आली ती चटई.

चटई क्षेत्र निर्देशांक हा शब्द ऐकून आमच्याकडचा माणूस अंथरायची चटई डोळ्यांपुढे आणतो, आणि तो फारसा चुकत नाही. जमिनीच्या किती पट चटई अंथरता येईल, एवढाच त्याचा अर्थ. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे बांधकामाच्या नियमांत, मुंबई शहरात हा आकडा १.३३ होता. म्हणजे हजार चौरस फुटांच्या जागेवर सगळे मजले मिळून १,३३० चौरस फूट. एवढ्यात टॉवर होत नाही. टॉवर व्हायचा तर एकतर जमीन अफाट हवी, नाहीतर सरकारने काहीतरी बदल्यात जास्तीची चटई द्यायला हवी. दोन्ही गोष्टी गिरणगावात घडल्या.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. बऱ्याच गिरण्या पुन्हा पूर्णपणे चालू झाल्या नाहीत. कापड एव्हाना भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर गेलं होतं. उरली ती सुमारे ६०० एकर जमीन, शहराच्या अगदी पोटात.

१९९१ च्या नियमावलीतलं ५८ क्रमांकाचं कलम या जमिनीसाठीच होतं. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे साधारण तीन हिस्से करायचे : एक शहराला बाग-मैदानासाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये सरकारी मालकीच्या गिरण्यांसाठी एका नामवंत वास्तुरचनाकाराच्या समितीने सगळ्या जमिनींचा एकत्रित आराखडाही तयार केला. तो बासनात गेला.

२००१ मध्ये हे कलम बदललं. बदल दिसायला बारीक होता. तीन हिस्से कशाचे करायचे, तर ‘मोकळ्या’ जमिनीचे. आणि मोकळी म्हणजे आज जिच्यावर काही बांधलेलं नाही तेवढीच. शेड पाडल्यावर मोकळी होणारी जमीन त्यात धरायची नाही.

शेतकऱ्याला हे समजावायला वकील लागत नाही. समजा बारा एकर जागा आहे आणि नऊ एकरांवर शेड आहेत. जुन्या हिशेबाने शहराला चार, घरांना चार, मालकाला चार. नव्या हिशेबाने वाटणीला आले फक्त तीन एकर. शहराला एक, घरांना एक, मालकाला उरलेले दहा. भावाभावांच्या हिश्शात कुणी पटवाऱ्याला म्हणेल, फक्त धुरा अन् पडीत मोजा, पेरलेलं राहू द्या, तर गावात भांडण होईल की नाही?

मुंबईतही झालं. २००५ मध्ये एका पर्यावरण संस्थेने जनहित याचिका केली. त्याच वर्षी सरकारी मालकीच्या काही गिरण्यांच्या जमिनींचे लिलाव झाले, आणि २६ जुलैच्या पुराने मोकळ्या जागेची किंमत शहराला नव्याने कळली. ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालय याचिकेच्या बाजूने गेलं : मोकळी म्हणजे पाडल्यानंतर मोकळी झालेलीसुद्धा. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि २००१ चा अर्थ कायम झाला. सरकारची बाजूही नोंदवायला हवी. जुन्या नियमाने मालक पुढेच येत नव्हते, जमीन कुणालाच मिळत नव्हती आणि कामगारांची देणी तशीच पडून होती, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण देणी भागवायला नऊ एकर लागत होते का, हा प्रश्न उरतोच.

पुढची यादी या निकालासमोर ठेवून वाचावी. लोअर परळचा वर्ल्ड वन श्रीनिवास मिलच्या जागेवर आहे. ठरला होता ११७ मजल्यांचा, ४४२ मीटर. विमानवाहतुकीच्या अटीत अडकला आणि २८० मीटरवर थांबला. वरळीचा पॅले रॉयाल श्रीराम मिलच्या जमिनीवर, सुमारे ३२० मीटर. सार्वजनिक वाहनतळ बांधून देण्याच्या बदल्यात मिळालेल्या जास्तीच्या चटईवरून त्याचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. ताडदेवचे इम्पीरियल जुळे मनोरे २०१० चे, अडीचशे मीटरच्या आसपास. तीही एका गिरणीच्या कंपाउंडाची जागा, पण वाट वेगळी : तिथल्या झोपडपट्टीला फुकट घरं बांधून द्यायची आणि त्या बदल्यात चटई घ्यायची. महालक्ष्मीचा ३०१ मीटरचा मिनर्व्हा याच वाटेने वर गेला. जगात इतरत्र अशा उंचीवर कचेऱ्या बऱ्याच असतात, इथे जवळजवळ सगळी घरंच.

पहिला नंबर कुणाचा, हे मोजणाऱ्यावर अवलंबून. शेंडा गाठला की इमारत झाली म्हणायची, की काचा बसून लोक राहायला आले की? शोभेचा कळस उंचीत धरतात, अँटेना धरत नाहीत. मजल्यांवर तर अजिबात जाऊ नये. अल्टामाउंट रोडवरचं एका उद्योगपतीचं घर २७ मजल्यांचं, तरी १७३ मीटर उंच.

मुंबईबाहेर कोलकात्याचा ‘द फोर्टी टू’ अडीचशे मीटरच्या वर आहे. हैदराबाद वेगाने वर येतंय. नोएडात उलटंच झालं : सुमारे १०० मीटरचे दोन मनोरे बेकायदा ठरले आणि २८ ऑगस्ट २०२२ ला काही सेकंदांत पाडले गेले.

इकडे नागपुरात १८७७ पासून चाललेली एम्प्रेस मिलही बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल आहे. मुंबईत घरांसाठीच्या हिश्शातून गिरणी कामगारांची सोडत २०१२ मध्ये निघाली. अर्ज लाखाच्या वर होते, घरं काही हजार. पुढे गिरणगावातली जागा पुरेना म्हणून काहींच्या नशिबी पनवेलजवळच्या कोन गावातली घरं आली. अर्जदारांपैकी कितीतरी जण तोवर वारले होते आणि चिठ्ठी निघाली ती वारसांच्या नावे.