‘नॉर्मल’ म्हणजे किती मीठ? एका शब्दाची पार्श्वभूमी

खानदेशात बी.एस्सी.ला किंवा नर्सिंगला येणारी मुलं केमिस्ट्री एका वहीत, फिजिऑलॉजी दुसऱ्या आणि मायक्रोबायोलॉजी तिसऱ्या वहीत लिहितात. या वह्या जोडायच्या कशा, यावर बरंच बोललं जातं. ही फारकत कशी पडत गेली ते पाहायला ‘नॉर्मल’ हा एकच शब्द पुरेसा आहे.

एकोणिसाव्या शतकात टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने टाकून त्याची तीव्रता मोजणं) रुळलं आणि लिटरमागे एक ग्रॅम-सममूल्य (रासायनिक क्रियेत एकमेकांच्या तोडीस तोड ठरणारं वजन) पदार्थ असलेल्या द्रावणाला नॉर्मल म्हणू लागले. मिठासाठी हा आकडा 58.5 ग्रॅम. त्याच शतकाच्या अखेरीस हॉलंडमधल्या एका शरीरक्रियाशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या खारट पाण्यात तांबड्या पेशींचं काय होतं ते पाहिलं. त्यातून सस्तन प्राण्यांच्या रक्तासाठी सुमारे 0.9 टक्के हे प्रमाण पुढे आलं. ते ‘नॉर्मल’, म्हणजे शरीराला मानवणारं. लिटरला 9 ग्रॅम. शब्द एकच, पण केमिस्ट्रीत मीठ साडेसहा पट.

गोंधळ नुसता शब्दाचा असता तर सोडून देता आला असता. वॉर्डात ‘हाफ नॉर्मल’ म्हणजे 0.45 टक्के, लिटरला 4.5 ग्रॅम. केमिस्ट्रीच्या टेबलावर ‘एन बाय टू’ म्हणजे 29 ग्रॅमच्या वर. आमच्या वेळी ‘एन बाय टेन’ची गणितं पाठ असायची, पण सलाईनच्या बाटलीवरच्या 0.9 शी त्यांचा काय संबंध, हे विचारावं असं कुणालाच वाटलं नाही. आंतरराष्ट्रीय परिभाषेत आता नॉर्मॅलिटीऐवजी मोलॅरिटी, म्हणजे लिटरमागे किती मोल (मोल हे कणांच्या संख्येचं माप), वापरायला सांगतात. तो निर्णय बरोबरच आहे. पण जर्नलमधून शब्द खोडला तरी वॉर्डात ‘एनएस (नॉर्मल सलाईन) लावा’ हे ऐकू येणारच. म्हणून दोन्ही अर्थ एकाच तासाला, फळ्यावर शेजारी शेजारी लिहून शिकवावेत, असं माझं ठाम मत आहे.

मोलची खरी किंमत कळते ती ओआरएसच्या पुडीत. 1971 साली बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलऱ्याची साथ आली, सलाईन अपुरं पडलं आणि साखर-मिठाचं पाणी तोंडाने देऊन असंख्य जीव वाचले. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं, हे त्याआधी दहाएक वर्षं कळलेलं होतं. 2002 मध्ये पुडीचं प्रमाण बदललं: एक लिटरला मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, सोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड 1.5 ग्रॅम. ग्रॅममध्ये या आकड्यांचा एकमेकांशी काही मेळ दिसत नाही. मोलमध्ये मांडले की ग्लुकोज 75 मिलिमोल, आणि मीठ व सायट्रेट मिळून सोडियमही 75. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर पुढे हीच पुडी कालवून देणार असलेल्या मुलीला हा हिशोब पहिल्या वर्षीच करता यायला हवा.

मायक्रोबायोलॉजीत मीठ तिसऱ्या रूपात भेटतं. स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू वेगळा काढण्यासाठी ज्या माध्यमावर (जिवाणूंच्या खाद्यावर) वाढवतात, त्यात ते 7.5 टक्के असतं. बहुतेक जिवाणू तिथे वाढत नाहीत, हा वाढतो. उन्हाळ्यात लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की सकाळी पातेल्यात खार सुटलेला असतो आणि फोडी आक्रसलेल्या असतात. फोडीचं जे होतं तेच खारट पाण्यात तांबड्या पेशीचं होतं, तेच बहुतेक जिवाणूंचं. खानदेशात घरोघर दिसणारी ही गोष्ट म्हणजेच ऑस्मोसिस, पेशीतलं पाणी जास्त मिठाच्या बाजूला जाणं.

1990 मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झालं. त्याआधी इथल्या कॉलेजांचे अभ्यासक्रम पुण्याहून ठरून येत. अंतर कमी झालं, वह्या तीनच राहिल्या. अकरावीत गणित सोडून जीवशास्त्र घेता येतं, त्यामुळे गणिताला घाबरलेली मुलं ‘बायो’कडे वळतात आणि मग डायल्युशनच्या (द्रावण पातळ करण्याच्या) हिशोबाला अडतात. 2021 मध्ये नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम देशभर बदलला. शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, सगळ्यांच्या नावामागे ‘उपयोजित’ लागलं, पण विषय वेगळेच राहिले आणि सेमिस्टरही एक नाही.

‘नॉर्मल’ सलाईन नॉर्मल आहे का, हा प्रश्न दरम्यान डॉक्टरांमध्येच निघाला. त्यात लिटरमागे क्लोराईड 154 मिलिमोल असतं, रक्तात साधारण 100. 2018 च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत क्षारांचा समतोल राखलेली द्रावणं मूत्रपिंडांच्या दृष्टीने थोडी सरस ठरली, नंतरच्या मोठ्या चाचण्यांत तसा फरक दिसला नाही. वाद सुरू आहे.